गाईनं खाल्लेलं विष दुधात कधी उतरतं, आणि ते कसं अडवायचं

गाय ठणठणीत, वासरू मात्र मलूल. असं दिसलं की पहिला संशय जंतांवर जातो, दुसरा जास्त दूध पाजल्यावर. बहुतेक वेळा त्यातलंच काहीतरी निघतं. पण तिसरंही एक कारण असू शकतं आणि ते सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही: गाईच्या पोटात एखादी विषारी वनस्पती गेली आहे आणि गाय ते विष कासेवाटे बाहेर टाकते आहे. गाईच्या शरीरातून नको ते बाहेर पडायच्या अनेक वाटा आहेत. मूत्र आहे, शेण आहे, श्वास आहे, तसंच दूधही आहे. म्हणून काही विषं दुभत्या गाईला भाकड गाईपेक्षा जास्त पचतात आणि तिचं दुखणं दूध पिणाऱ्याच्या वाट्याला येतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १८१८ च्या ऑक्टोबरात इंडियानातल्या एका नव्या वस्तीत नॅन्सी हँक्स लिंकन वारल्या. त्यांचा मुलगा, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला एब्राहम लिंकन, तेव्हा नऊ वर्षांचा होता. मृत्यूचं कारण तिथले लोक ‘मिल्क सिकनेस’ म्हणत, ते दुधाचं दुखणं. जंगल तोडून वस्ती करणाऱ्यांची गुरं झाडीच्या कडेनं चरत आणि तिथे पांढऱ्या फुलांचं व्हाइट स्नेकरूट नावाचं झुडूप सावलीत माजलेलं असे. त्यातलं ट्रेमेटोल नावाचं विष दुधात आणि लोण्यात उतरायचं. दूध पिणारी माणसं ओकाऱ्या, अशक्तपणा, थरथर होऊन दगावायची. इलिनॉयमधल्या ऍना बिक्स्बी नावाच्या वैदूबाईंना शॉनी जमातीच्या एका म्हातारीनं ते झुडूप दाखवलं, अशी आख्यायिका आहे. रसायनशास्त्राला त्याचा छडा लागायला मात्र १९२० चं दशक उजाडावं लागलं.

हा आजार गेला तो औषधानं नव्हे. गुरं पेरलेल्या चाऱ्यावर आली आणि अनेक गोठ्यांचं दूध एका टाकीत मिसळू लागलं, तसा तो ओसरला. माझ्या मते या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे. घरच्या एका गाईचं दूध म्हणजे निर्धास्त, असं आपण धरून चालतो. भेसळीच्या बाबतीत ते खरं असेल. वनस्पतींच्या विषाच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. शंभर गाईंच्या दुधात एका गाईचं विष विरून जातं. एकच गाय, तीच रोज त्याच बांधावर चरणारी, आणि तिचं दूध रोज पिणारं एकच लहान मूल असेल, तर विरायला जागाच नसते. पुढच्या पायऱ्या मुख्यतः अशा छोट्या गोठ्यासाठी लिहिल्या आहेत.

पायरी १: कुठलं विष दुधापर्यंत पोचतं, हे आधी समजून घ्या

विषारी वनस्पतींच्या लांबलचक याद्या सहज मिळतात आणि त्या वाचून माणूस घाबरून जातो. पण त्यातल्या बहुतेक वनस्पती गाईला धोका असतात, दुधाला नव्हे. गव्हाणीपासून चरवीपर्यंत विषाला तीन दारं ओलांडावी लागतात.

पहिलं दार कोठीपोटाचं. मोठ्या गाईचं कोठीपोट शंभर ते दोनशे लिटरचं असतं आणि आत सूक्ष्मजीवांचा अखंड कारखाना चालतो. कित्येक विषं इथेच मोडीत निघतात. सुबाभळीतलं मिमोसिन हे चांगलं उदाहरण. एकेकाळी ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणारी गुरं झडायची, केस गळायचे, गलगंड व्हायचा. हवाईतल्या शेळ्यांना मात्र काही होत नव्हतं. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं तिथल्या जनावरांच्या कोठीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांत सोडले आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. त्या जीवाणूचं नाव पुढे जोन्सवरूनच ‘सिनर्जिस्टीस जोन्साय’ पडलं. कोठीपोट दर वेळी मदतच करतं असं मात्र नाही. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यातलं सायनाइड तिथे उलट झपाट्यानं सुटतं.

दुसरं दार यकृताचं. थोडं सायनाइड आलं तर यकृत त्याचं थायोसायनेट करून टाकतं आणि ते बरंच सौम्य असतं. जास्त आलं तर गाय काही मिनिटांत किंवा तासांत कोसळते, दुधाचा प्रश्न उरतच नाही. कोवळ्या ज्वारीची भीती बाळगायची ती गाईच्या जिवासाठी. काही विषांच्या बाबतीत यकृतच घात करतं. साधं वाटणारं रसायन तिथे जहाल होतं. खुळखुळा या तणातली अल्कलॉइड नावाची रसायनं त्यातलीच, त्यांच्याकडे पुढे येऊ.

तिसरं दार कासेचं. एक लिटर दूध तयार व्हायला सुमारे चारशे ते पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावं लागतं. एवढ्या रक्तातून काय झिरपेल हे तीन गोष्टींवर ठरतं. चरबीत विरघळणारा रेणू सहज पार होतो आणि दुधाच्या सायीत जाऊन बसतो. प्रथिनांसारखे मोठे रेणू सहसा अडतात. तिसरी गोष्ट जरा गमतीची आहे. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो, दुधाचा ६.७ च्या आसपास. दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी, त्यामुळे सौम्य अल्कधर्मी रसायनं दुधात शिरली की तिथेच अडकून राहतात. वनस्पतींमधली अल्कलॉइडं नेमकी अशी असतात.

पायरी २: दुधात उतरणाऱ्या वनस्पतींची ओळख करून घ्या

ही यादी लहान आहे. यातल्या आपल्या भागात उगवणाऱ्या तीन-चार वनस्पती फुलावर नसतानाही ओळखता आल्या, तर बरंचसं काम झालं.

नेचा. मोठ्या त्रिकोणी पानांचा, डोंगरउतारावर आणि जंगलाच्या कडेला फोफावणारा ब्रॅकन नेचा या यादीत पहिला. जगात जवळजवळ सगळीकडे तो सापडतो. त्यातलं टॅक्विलोसाइड नावाचं रसायन कर्करोगकारक आहे. १९७० च्या दशकात नेचा खाल्लेल्या गाईंचं दूध उंदीर-घुशींना पाजलं, तेव्हा त्यांना गाठी झाल्या. १९९६ मध्ये व्हेनेझुएलातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की गाईच्या पोटात गेलेल्या टॅक्विलोसाइडपैकी साडेआठ टक्क्यांच्या आसपास दुधातून बाहेर येतं. वनस्पतिजन्य विषासाठी हे प्रमाण फारच मोठं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८७ मध्ये नेच्याला ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या’ २-ब गटात टाकलं.

नेच्याचा कोवळा, गुंडाळलेला कोंब सगळ्यात विषारी आणि गुरांना नेमका तोच आवडतो. हे रसायन पाण्यात विरघळतं. डेन्मार्कमधल्या अभ्यासांत ते नेच्याखालच्या मातीत आणि पाण्यातही सापडलं आहे. म्हणून नेच्याच्या रानातून झिरपणाऱ्या ओहोळावर गुरं पाण्याला नेऊ नयेत. आणखी एक चूक बरेच जण करतात: सुका नेचा गोठ्यात अंथरतात. गाय अंथरुणही चघळते. नेचा अंथरायचा नाही.

खुळखुळा, भुरुंडी आणि मंडळी. खुळखुळा आणि त्याचाच भाऊ ताग, भुरुंडी, कॉम्फ्री आणि थंड हवेच्या कुरणांतलं पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट, या सगळ्यांत पायरोलिझिडिन नावाची अल्कलॉइडं असतात. यकृत त्यांचं रूपांतर जहाल पदार्थात करतं आणि तो पदार्थ यकृताच्याच पेशींना डसतो. त्यामुळे बहुतेक नुकसान गाईच्या यकृताचं होतं, तेही सावकाश. कधी चारा बदलून महिने उलटल्यावर गाय खंगायला लागते. दुधात येणारा वाटा एकूण डोसाच्या हजारात एक भाग इतका कमी आहे, असं नेदरलँड्समध्ये रॅगवर्टवर झालेल्या मोजणीत दिसलं. पण त्यातलं जॅकोलिन नावाचं एक अल्कलॉइड चार टक्क्यांपर्यंत उतरत होतं. म्हणजे सरासरी आकडा दिलासा देतो आणि एखादा घटक त्या सरासरीआड लपून राहतो. ही विषं साठत जाणारं नुकसान करतात. दूध हेच ज्याचं मुख्य अन्न, त्या लहान मुलासाठी कमी प्रमाणही विचारात घ्यावं लागतं.

हेम्प. हे नव्या जमान्यातलं उदाहरण. धाग्यासाठी आणि तेलासाठी भांगेच्या कमी नशेच्या जाती लावतात. त्यांचा उरलेला पाला गुरांना घालावा, ही कल्पना वरवर शहाणपणाची वाटते. जर्मनीतल्या संशोधकांनी तसा मुरघास दुभत्या गाईंना घातला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. पानाफुलांचा मुरघास सुरू झाल्यावर गाई कमी खाऊ लागल्या, दूध घटलं, जांभया आणि झिंगल्यासारखी चाल दिसली आणि दुधात नशा आणणाऱ्या टीएचसीसकट भांगेतली अनेक रसायनं (कॅनाबिनॉइडं) उतरली. बी आणि बियांची पेंड ही पानाफुलांपेक्षा वेगळी गोष्ट आहे. कुणी ‘हेम्पचा चारा’ म्हणून विकत असेल तर झाडाचा कुठला भाग आहे, हे आधी विचारा.

बाकीच्यांना थोडक्यात उरकतो. लुपिन या शेंगवर्गीय पिकाच्या दाण्यातली अल्कलॉइडं दुधात येतात, गोड म्हणवणाऱ्या जातींतूनही थोडी येतात. लोकोवीड या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कुरणी झुडपांतलं स्वेनसोनिन दुधावाटे वासरात जातं. कळलावी आणि तिच्या कुळातल्या कंदांमधलं कोल्चिसीनही दुधात उतरतं. कळलावी कुंपणावर चढते, फुलं देखणी असतात म्हणून कुणी उपटत नाही. उपटा, कंदासकट.

ऍव्होकॅडोची तऱ्हा वेगळी. त्याच्या पानांतलं पर्सिन थेट कासेच्या दूध बनवणाऱ्या पेशी मारतं. कास सुजते, दूध फाटल्यासारखं येतं, आटतं. बघणाऱ्याला ती कासदाह वाटते आणि प्रतिजैविकं सुरू होतात. बागेतली छाटणी गोठ्यात टाकली होती का, हे कुणी विचारत नाही.

घाणेरी, कण्हेर, धोतरा, एरंड यांना मी मुद्दाम या यादीत धरलेलं नाही. ती गाईला आजारी पाडतात किंवा मारतात, तेव्हा त्यांच्यापासून गाईला जपायचंच. घाणेरी खाल्लेल्या गाईला कावीळ होते, उन्हात कातडी सोलते, सडांना भेगा पडतात. अशा आजारी गाईचं दूध कुठल्याही कारणानं घरात घेऊ नये, एवढं पुरे.

पायरी ३: कुरण पायी फिरा, दोनदा

एकदा पावसानंतर कोंब फुटताना आणि एकदा चारा संपत आल्यावर. दुसरी फेरी जास्त महत्त्वाची. भरल्या कुरणात गाय विषारी झाडांना सहसा तोंड लावत नाही, ती झाडं कडू असतात. गवत खुरटलं, दुष्काळ पडला, एकाच जागी जास्त गुरं सोडली, की तीच गाय काहीही ओरबाडते. विषबाधेच्या कित्येक घटनांचं मूळ उपासमारीत असतं.

फिरताना झाडाचा शेंडा पाहा. नुसतं झाड असणं आणि ते खुडलेलं असणं यात फरक आहे. खुडलेले शेंडे दिसले तर प्रश्न आजचाच आहे. कडेच्या जागा नीट धुंडाळा: कुंपण, ओहोळ, झाडीची सावली, जळालेला किंवा नुकता नांगरलेला तुकडा. अनोळखी झाड दिसलं तर मुळासकट उपटून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवा आणि जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा वनस्पतिशास्त्राच्या विभागात दाखवा. मोबाइलवरच्या फोटोनं ओळख पटते तशी चुकतेही. गाजर आणि विषारी हेमलॉक यांची पानं फोटोत सारखीच दिसतात.

चरायला सोडण्याआधी दावणीला थोडी सुकी वैरण घालायची सवय ठेवा. भुकेली गाय आणि नवं कुरण ही जोडी टाळली की निम्मं काम होतं. नेचा हटवायचा असेल तर एकदा कापून भागत नाही, जमिनीखालचा कंद पुन्हा फुटतो. वर्षातून दोन-तीनदा, अशी काही वर्षं कापणी करावी लागते. तणनाशक मारलं तर ती जागा सुकून स्वच्छ होईपर्यंत गुरं आत सोडू नका. फवारणीनंतर काही विषारी तणं गुरांना जास्त रुचकर लागतात.

पायरी ४: सुक्या वैरणीला जास्त जपा

इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. वाळलं म्हणजे विष गेलं, असं वाटतं. सायनाइडच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. नीट वाळवलेल्या कडब्यात ते खूप कमी होतं. पायरोलिझिडिन अल्कलॉइडं मात्र वाळवूनही टिकतात आणि वर झाडाचा कडूपणा जातो. कुरणात गाय जे रॅगवर्ट टाळते, तेच गवताच्या गंजीत मिसळलं की निमूट खाते. कुटी केल्यावर तर निवडून बाजूला सारायची सोयही राहत नाही. मुरघासात ही अल्कलॉइडं थोडी घटतात, संपत नाहीत.

म्हणून तण कापणीआधी उपटायचं. वैरण विकत घेत असाल तर एक पेंढी सोडून पसरून पाहा, नुसता वास घेऊन आणि वजन करून घेऊ नका. जाड, पोकळ, वेगळ्या रंगाच्या काड्या, शेंगांचे खुळखुळणारे तुकडे, काळपट बिया दिसल्या तर विचारा. ती गंजी घेतलीच असेल तर दुभत्या गाईला आणि वासरांना घालू नका.

पायरी ५: पेंड आणि आंबोण

मोहरीवर्गाच्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट नावाची रसायनं असतात. त्यांच्यापासून होणारं, गलगंड घडवू शकणारं गॉयट्रिन दुधात फारच थोडं उतरतं. चाऱ्यावरच्या कामासाठी १९४५ चं नोबेल मिळवणाऱ्या आर्तुरी व्हिर्तानेन यांच्या फिनलंडमधल्या प्रयोगशाळेनं ते मोजून पाहिलं होतं. १९५० च्या दशकात टास्मानियातल्या शाळकरी मुलांत गलगंड वाढला, तेव्हा कोबीवर्गीय चारा खाणाऱ्या गाईंच्या दुधावर बोट ठेवलं गेलं. तो आरोप कधी पुरता सिद्ध झाला नाही. खरा परिणाम वेगळाच आहे: ही पेंड आयोडीनला कासेत शिरू देत नाही. विष फारसं येत नाही, पण दुधातलं आयोडीन निम्म्यावर किंवा त्याहून खाली जाऊ शकतं. घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल आणि आयोडीनचा मुख्य स्रोत दूध असेल, तर हे महत्त्वाचं.

उपाय सोपा आहे. ग्लुकोसिनोलेट कमी असलेल्या जातीची पेंड घ्या, खुराकात तिचा वाटा आवरता ठेवा आणि आयोडीनयुक्त खनिज मिश्रण पाकिटावरच्या मापानं द्या. मापापेक्षा जास्त देऊ नका. आयोडीन स्वतः दुधात सरळ उतरतं आणि जास्त झालेलं आयोडीनही थायरॉइडला त्रास देतं.

सरकीतलं गॉसिपॉल नावाचं विष प्रौढ गाईचं कोठीपोट बऱ्यापैकी सांभाळतं आणि दुधाच्या बाजूनं त्याची फारशी काळजी नाही. वासराचं कोठीपोट तयार झालेलं नसतं, म्हणून वासराला सरकी घालू नका.

सोयाबीन आणि लाल क्लोव्हर यांतले इस्ट्रोजेनसारखे घटक गाईच्या पोटात इक्वॉल नावाचा पदार्थ बनून दुधात येतात, विशेषतः लाल क्लोव्हरच्या मुरघासावर. हे विष म्हणून कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. मोजता येतं ते सगळं घातकच असतं असं नाही.

आता बुरशी. आफ्लाटॉक्सिन हे वनस्पतीचं नव्हे, वनस्पतीवर वाढणाऱ्या बुरशीचं विष. काटेकोरपणे पाहिलं तर ते या लेखाच्या बाहेरचं. पण सगळी झाडं ओळखून, उपटून झाल्यावर ओलसर पेंड वापरणारा माणूस मी पाहिला की वाईट वाटतं, कारण रोजच्या व्यवहारात दुधात येणारं सगळ्यात ठळक विष हेच. भुईमूग, सरकी, मका यांत ते जास्त होतं. खाल्लेल्या आफ्लाटॉक्सिन बी-१ चे १ ते ६ टक्के एम-१ या रूपात दुधात येतात, जास्त दूध देणाऱ्या गाईत जास्त.

हिशेब करून पाहा. पेंडीत किलोमागे २० मायक्रोग्रॅम बी-१ आहे आणि गाय दिवसाला ६ किलो खाते, म्हणजे १२० मायक्रोग्रॅम. त्यातले २ टक्के उतरले तर २.४ मायक्रोग्रॅम. दूध १२ लिटर असेल तर लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम. युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे ०.०५ आहे, कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची ०.५. एकच दूध एका मापानं चौपट दूषित आणि दुसऱ्या मापानं पास! लहान मुलासाठी मी युरोपचं माप धरीन.

पेंड फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. पोतं उघडलं की हात आत घालून पाहा: गरम, ओलं, ढेकूळ झालेलं असेल तर वरचं बुरसटलेलं काढून खालचं वापरायचा मोह टाळा. विष बुरशी दिसते तेवढ्याच जागी राहत नाही. उन्हात वाळवल्यानं बुरशी थांबते, तयार झालेलं विष तसंच राहतं.

पायरी ६: चव बिघडली तर घाबरण्याआधी घड्याळ पाहा

रानकांदा, लसूणगवत, कोबीवर्गीय पाला यांचा वास दुधात लागतो. हा वास पोटातून जातो तसा श्वासातून, फुप्फुसांमार्गेही रक्तात जातो, म्हणून अर्ध्या तासात दुधाला येऊ शकतो. असा चारा धारेनंतर घाला आणि पुढच्या धारेच्या चार-पाच तास आधी बंद करा. वास आला म्हणजे विष आलं असं नाही. दुर्दैवानं उलटही खरं आहे: टॅक्विलोसाइड किंवा आफ्लाटॉक्सिन चवीला कधीच कळत नाही. गाजरगवत खाल्लेल्या गाईचं दूध कडवट लागतं, ते मात्र इशारा म्हणून घ्या. गाय नको ते खाते आहे.

पायरी ७: रोज काय पाहायचं

वासराकडे आधी पाहा. आईच्याच दुधावर असलेलं वासरू थरथरलं, चालताना लटपटलं, अचानक दूध सोडलं, तर जंतांच्या औषधाआधी चाऱ्याचा विचार करा. गाईत मूत्राचा रंग पाहा. नेच्यावर दीर्घकाळ चरणाऱ्या गाईला लाल मूत होते. हाकलल्यावर मागच्या पायांत कंप, तोंडाला गोडसर अॅसिटोनसारखा वास, पांढऱ्या कातडीवर उन्हाचे चट्टे, पिवळे डोळे, एकाएकी घटलेलं दूध, हे सगळं एका वहीत तारीख घालून लिहा. सोबत त्या दिवशी कुठे चरली आणि कुठलं पोतं फोडलं तेही. ही वही पशुवैद्यकाला रक्ततपासणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

दूध वाढावं म्हणून किंवा पोट साफ व्हावं म्हणून पाजलेले काढेही त्याच वहीत टाका. औषधी म्हणून दिलेल्या झाडालाही दुधात यायची वाट तीच असते.

पायरी ८: संशय आला तर

त्याच धारेपासून दूध बाजूला काढा. गाईची धार मात्र थांबवू नका, कास मोकळी होत राहिली पाहिजे. ते दूध वासराला, मांजराला, डुकराला, कुणालाच नाही. वासराला दुसऱ्या गाईचं दूध किंवा दूधपावडर द्या.

उकळून वापरू, हा विचार पहिल्यांदा येतो. उकळण्यानं जंतू मरतात. आफ्लाटॉक्सिन एम-१ आणि पायरोलिझिडिन अल्कलॉइडं त्या तापमानाला टिकतात. दुधाचे पदार्थ करूनही सुटका नाही, विष फक्त जागा बदलतं. चरबीत विरघळणारं लोण्यात जमतं, ट्रेमेटोल तसंच जमायचं. एम-१ दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे मऊ चीजमध्ये ते सुमारे तिप्पट, कडक चीजमध्ये पाचपटीपर्यंत गोळा होतं आणि लोण्यात कमी राहतं.

दूध ओतायचं ते शेणखताच्या खड्ड्यात, ओहोळात नाही. संशयाचा चारा काढून घ्या पण फेकू नका, एक किलोभर कोरड्या कागदी पिशवीत ठेवा. झाडाचा संशय असेल तर ते मुळासकट. मग पशुवैद्यकाला बोलवा आणि वही पुढे ठेवा.

नमुना देताना सगळ्या सडांचं मिसळलेलं, सुरुवातीच्या चार धारा सोडून घेतलेलं पाव लिटर दूध स्वच्छ बाटलीत घ्या, तारीख-वेळ लिहा आणि गोठवा. प्रयोगशाळेत ‘विष आहे का बघा’ असं म्हणून चालत नाही, तशी एकच चाचणी नसते. कुठल्या वनस्पतीचा संशय आहे ते सांगावं लागतं, त्यावरून ते रसायन ठरवतात. एम-१ साठी दहा-पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्या मिळतात. वनस्पतींच्या अल्कलॉइडांना मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणारी तपासणी) लागते आणि ती थोड्याच ठिकाणी होते. म्हणून चारा जपून ठेवा असं म्हटलं. दुधात शोधण्यापेक्षा चाऱ्यात शोधणं सोपं, तिथे प्रमाण कैक पटींनी जास्त असतं.

दूध पुन्हा कधी सुरू करायचं, याचं एकच उत्तर सगळ्या विषांना लागू पडत नाही. आफ्लाटॉक्सिनचा चारा बंद झाल्यावर एम-१ तीन-चार दिवसांत झपाट्यानं उतरतं. पाण्यात विरघळणारी विषं सहसा लवकर निघून जातात, चरबीत साठणारी रेंगाळतात. बारीक झालेल्या गाईची साठलेली चरबी वितळते तेव्हा ती पुन्हा दुधात दिसू शकतात. मुदत पशुवैद्यकानं ठरवावी, शक्य असेल तर दुसरा नमुना तपासून. तोवर घरातल्या लहान मुलासाठी दुसरीकडचं, अनेक गोठ्यांचं मिसळलेलं दूध आणा. गाय चाऱ्यावर परत आली, मूत्र स्वच्छ झालं, दुसरा नमुना ठीक आला, की आधी मोठ्यांच्या चहात, मग मुलाच्या पेल्यात.